द्रव्याचा कल

मृगाच्या सरी कोकणात स्थिरावल्या म्हणजे घरोघरच्या मिठाच्या बरण्यांत जो पालट होऊ लागतो, तो आपण लहानपणापासून पाहत आलेलो असल्यामुळे त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. चैत्रात खडखडीत असलेले मीठ आषाढात ओलसर होते, मग त्याला पाणी सुटते, आणि बरणीचे झाकण सैल राहिले तर थोड्याच दिवसांत तळाशी खारट द्रव साचतो. हवा दमट होती म्हणून मीठ पाझरले, हा जो खुलासा आपण करतो तो चुकीचा नाही. परंतु त्याच फळीवर, त्याच हवेत ठेवलेली साखर पुष्कळ काळ कोरडी का राहिली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. आकड्यांकडे पाहिले तर प्रश्न अधिकच बिकट होतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असते. तेवढ्याच आकारमानाच्या संपृक्त मिठाच्या पाण्यात ते सुमारे ८८० किलोग्रॅम असते. जेथे पाणी इतके विरळ आहे त्या हवेतून ते, जेथे आधीच इतके दाटलेले आहे त्या द्रवात, आपण होऊन शिरते. वस्तू जास्तीकडून कमीकडे जातात, हा आपल्या व्यवहारज्ञानाचा जो सर्वमान्य सिद्धांत, त्याला येथे उघड उघड बाध येतो.

मग द्रव्य कोणत्या दिशेने जाईल, कोठे जाऊन थांबेल, आणि दोन पदार्थ एकमेकांशी संयोग पावतील की आपापल्या जागी तटस्थ राहतील, या सर्व प्रकरणांचा निवाडा कोणत्या कायद्याने होतो? विज्ञानाच्या ज्या शाखेस ऊष्मागतिकी म्हणतात, तिने या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे ते दोन संकल्पनांत सामावलेले आहे. एकीस रासायनिक विभव म्हणतात आणि दुसरीस फ्युगॅसिटी. या दोन्ही संज्ञा महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत समीकरणांच्या गर्दीत अशा काही अवस्थेत भेटतात, की परीक्षेची गरज संपताच विद्यार्थी त्यांचा निरोप घेतो. वस्तुतः लोणच्याच्या बरणीपासून उसाच्या मुळापर्यंत आणि पोलादाच्या भट्टीपासून माशाच्या देहापर्यंत ज्या घडामोडी अहोरात्र चालू आहेत, त्यांची दिशा ओळखण्याचे याहून सरळ साधन माणसाच्या हाती नाही.

या संकल्पनांचे मर्म ध्यानात येण्यास उष्णतेचा दाखला उपयोगी पडतो. कपभर चहात जेवढी उष्णता असते तिच्या कोट्यवधी पटींनी अधिक उष्णता अरबी समुद्रात साठलेली आहे. तथापि तो कप समुद्राच्या पाण्यात बुडवून धरला तर उष्णता चहातून समुद्राकडे जाते, समुद्रातून चहाकडे येत नाही. कारण उष्णतेच्या प्रवासाची दिशा तिच्या साठ्यावर अवलंबून नसून तापमानावर अवलंबून असते, आणि दोन वस्तूंचे तापमान एक झाले की प्रवास संपतो. उष्णतेच्या बाबतीत साठा आणि तापमान यांतील हा भेद आता शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. उष्णतेला जसे तापमान, तसे द्रव्याला काय, हा प्रश्न मात्र एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडेपर्यंत कोणी नेमकेपणाने विचारलेला नव्हता. आणि तो विचारून त्याचे संपूर्ण उत्तर देण्याचे श्रेय अमेरिकेतील न्यू हेवन या गावी जन्मलेल्या, तेथेच शिकलेल्या आणि तेथेच देह ठेवलेल्या एका अबोल अध्यापकाकडे जाते.

जोसिया विलर्ड गिब्ज यांचा जन्म १८३९ चा. येल विद्यापीठात दंतचक्रांच्या दात्यांच्या आकारावर प्रबंध लिहून १८६३ साली त्यांनी अभियांत्रिकीतील डॉक्टरेट मिळवली. पुढे तीन वर्षे पॅरिस, बर्लिन आणि हायडेलबर्ग येथे गणित व पदार्थविज्ञान यांचे अध्ययन केले. आणि १८७१ साली येलमध्येच गणितीय पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ही नेमणूक बिनपगारी होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८८० साली त्यांना वेतनासह पाचारण केले, तेव्हा कोठे येलच्या व्यवस्थापकांनी त्यांना पगार देण्याची तजवीज केली. ज्या काळात त्यांच्या नावे विद्यापीठाच्या जमाखर्चात एक छदामही पडत नव्हता, नेमक्या त्याच काळात, १८७६ आणि १८७८ साली दोन भागांत, त्यांनी विषमांगी पदार्थांच्या समतोलासंबंधीचा आपला सुमारे तीनशे पृष्ठांचा प्रबंध कनेक्टिकट अकादमीच्या इतिवृत्तांत प्रसिद्ध केला. त्या इतिवृत्तांचा प्रसार मर्यादित, प्रबंधाची भाषा अत्यंत संक्षिप्त आणि समीकरणे शेकड्यांनी. तेव्हा बहुतेक रसायनज्ञांच्या दृष्टीस तो पडला नाही आणि ज्यांच्या पडला त्यांतील थोड्यांनाच तो उमगला, यात नवल नाही.

ज्यांना उमगला त्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल हे अग्रणी होते. गिब्ज यांच्या आधीच्या एका निबंधातील कल्पनेवरून पाण्यासारख्या पदार्थाची ऊर्जा, एंट्रॉपी आणि आकारमान यांचा परस्परसंबंध दाखवणारा पृष्ठभाग त्यांनी स्वतः घडवला आणि त्याची प्लास्टरची एक प्रतिकृती केंब्रिजहून न्यू हेवनला पाठवली. मॅक्सवेल १८७९ साली वारले आणि गिब्ज यांचा युरोपातील सर्वांत समर्थ वाचक नाहीसा झाला. पुढे १८९२ साली ऑस्टवाल्ट यांनी जर्मन आणि १८९९ साली ल शातेलिए यांनी फ्रेंच भाषांतर केल्यावर युरोपच्या रसायनशाळांत त्या प्रबंधाचा अंमल बसू लागला. १९०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने गिब्ज यांना कॉप्ली पदक अर्पण केले. १९०३ साली त्यांचे निधन झाले.

त्या प्रबंधाच्या केंद्रस्थानी जी राशी आहे तिची व्याख्या अशी, की एखाद्या एकजिनसी पदार्थसंहतीत तापमान व दाब कायम राखून एखाद्या घटकाची अत्यल्प भर घातली असता संहतीच्या मुक्त ऊर्जेत, म्हणजे तिच्याकडून उपयोगी काम करून घेण्यास जी ऊर्जा मोकळी असते तिच्यात, जी वाढ होते, तिला घातलेल्या भरीने भागले म्हणजे येणारा भागाकार हा त्या घटकाचा त्या संहतीतील रासायनिक विभव होय. व्याख्या कोरडी वाटते. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष अत्यंत सुबोध आहे. एकाच घटकाचा विभव दोन ठिकाणी भिन्न असेल आणि मार्ग मोकळा असेल, तर तो घटक अधिक विभवाकडून उण्या विभवाकडे जातो, कारण तसे केल्याने एकंदर मुक्त ऊर्जा घटते. आणि दोन्ही ठिकाणचे विभव समान झाले की त्याचे जाणेयेणे समसमान होऊन समतोल येतो. हवा असो, द्रव असो, स्फटिक असो, वा सजीव पेशी असो, नियम एकच. रासायनिक संयोगालाही तोच लागू पडतो: हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे विभव संयोगाच्या प्रमाणात एकत्र मांडले असता त्यांची बेरीज पाण्याच्या विभवापेक्षा जोवर अधिक आहे, तोवर क्रियेचा ओघ पाण्याच्या बाजूचा असतो. तो ओघ किती वेगाने वाहील हा प्रश्न निराळा आहे आणि त्याविषयी विभव मौन पाळतो. खोलीच्या तापमानास हे दोन वायू ठिणगीवाचून वर्षानुवर्षे एकत्र राहू शकतात. विभव दिशा सांगतो, मुदत सांगत नाही.

आता मिठाच्या बरणीचा उलगडा होतो. मिठाचे आयन पाण्याच्या रेणूंना आपल्याभोवती धरून ठेवतात, शिवाय अन्य कणांशी मिसळल्यामुळे पाण्याच्या रेणूंना पसरून राहण्याच्या शक्यता वाढतात. या दोन्ही कारणांनी द्रावणातील पाण्याचा विभव शुद्ध पाण्यापेक्षा उतरतो. संपृक्त मिठाच्या द्रावणात तो इतका उतरतो, की ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेशी त्या द्रावणाचा समतोल जुळतो. आर्द्रता याहून कमी असेल तर द्रावणातील पाणी हवेत जाते, आणि मिठागरात मीठ पिकते ते याच आधारावर. आर्द्रता याहून वाढली की पाण्याचा मोहरा फिरतो आणि ते हवेतून मिठात उतरते. साखरेच्या संपृक्त द्रावणाची हीच मर्यादा ८५ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे ती अधिक काळ टिकाव धरते. मिठागराच्या खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि त्याची मर्यादा ३३ टक्क्यांवर असल्यामुळे असे मीठ शुद्ध मिठाच्याही आधी पाझरू लागते. हवेची आर्द्रता ८५ टक्के असता हवेतील पाणी आणि संपृक्त मिठातील पाणी यांच्या विभवांत १८ ग्रॅम पाण्यामागे अवघ्या ३०० ज्यूलच्या आसपास फरक पडतो. पण प्रवासाची दिशा ठरवण्यास तेवढाही पुरेसा असतो.

हा नियम केवळ पाण्यापुरता नाही, हे दाखवणारा एक प्रयोग लॉरेन्स डार्कन या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध केला, आणि रासायनिक विभवाची सत्यता पटवण्यास त्याहून निर्णायक पुरावा क्वचितच सापडेल. त्याने पोलादाचे दोन तुकडे एकमेकांस सांधले. दोहोंत कार्बनचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते, एकात ०.४८ टक्के आणि दुसऱ्यात ०.४४ टक्के, भेद एवढाच, की पहिल्या तुकड्यात ३.८ टक्के सिलिकॉन मिसळलेले होते. हा जोड १०५० अंश सेल्सिअस तापमानात तेरा दिवस ठेवल्यावर पाहता, कार्बन सिलिकॉनयुक्त तुकड्यातून निघून दुसऱ्या तुकड्यात गेलेला आढळला: सांध्याच्या एका अंगास त्याचे प्रमाण सुमारे ०.३२ टक्क्यांवर उतरले आणि दुसऱ्या अंगास सुमारे ०.५९ टक्क्यांवर चढले. आरंभी जवळपास समान असलेली वाटणी निसर्गाने आपण होऊन विषम केली. प्रमाणाच्या दृष्टीने पाहणाऱ्यास हे अघटित वाटेल. परंतु सिलिकॉनच्या सान्निध्यात लोखंडातील कार्बनचा विभव वाढतो, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे कार्बन चढाकडून उताराकडेच गेला, फक्त तो चढउतार टक्केवारीच्या कोष्टकात दिसण्यासारखा नव्हता, हे स्पष्ट होते.

गिब्ज यांनी सिद्धांताची इमारत पुरी केली, परंतु तिच्यात नित्याचा व्यवहार करणाऱ्यास काही अडचणी होत्याच. एक तर रासायनिक विभवाचे निरपेक्ष मूल्य काढता येत नाही. कोणती तरी अवस्था आधार मानून तिच्यापासूनचा फरक तेवढा मोजता येतो. दुसरे असे, की एखादा पदार्थ विरळ करत नेला तर त्याचा विभव शून्याकडे न जाता ऋण दिशेने अमर्याद उतरत जातो. द्रव्य नाहीसे होण्याच्या बेतात आले असता त्याचे माप अनंताकडे धाव घेते, ही गोष्ट गणिताला मान्य असली तरी प्रयोगशाळेत हिशेब करणाऱ्यास गैरसोयीची आहे. ही गैरसोय दूर केली ती गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी. १८७५ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या आणि हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन लाइपत्सिशला ऑस्टवाल्ट यांच्याकडे व गटिंगेनला नेर्न्स्ट यांच्याकडे राहून आलेल्या या तरुणाने १९०१ साली, वयाची सव्वीस वर्षेही पुरी झालेली नसता, बॉस्टनच्या अमेरिकन अकादमीच्या इतिवृत्तांत एक निबंध प्रसिद्ध करून फ्युगॅसिटी ही राशी शास्त्रात दाखल केली.

लुईस यांची भूमिका अशी होती, की प्रत्येक पदार्थाच्या ठायी आपल्या प्रस्तुत अवस्थेतून निसटून जाण्याची एक प्रवृत्ती असते. पाण्याची वाफ होते, बर्फ वितळते, कापूर उडून जातो, सोडा वॉटरमधील वायू फसफसून बाहेर येतो. या सर्व घटना एकाच प्रवृत्तीची रूपे आहेत. हिचे माप घ्यावयाचे तर कोणते? पदार्थाचे बाष्प अत्यंत विरळ असेल तर त्याचा दाब हेच तिचे उत्तम माप होईल, कारण विरळ वायूचे रेणू एकमेकांच्या वाटेस जात नाहीत. तेव्हा वायू अत्यंत विरळ असता जी राशी दाबाइतकीच असते, आणि तो दाटत गेला तरी जिचा विभवाशी असलेला संबंध तिळमात्र बदलत नाही, ती राशी म्हणजे फ्युगॅसिटी. तिचे एकक दाबाचेच आहे. फ्युगॅसिटी दसपट झाली की विभवात प्रत्येक वेळी सारखीच भर पडते; २५ अंश सेल्सिअस तापमानास ही भर एका मोलमागे सुमारे ५.७ किलोज्यूल येते. आणि पदार्थ विरळ होत नाहीसा होऊ लागला की फ्युगॅसिटीही शांतपणे शून्यावर येते, अनंताचा प्रश्न उरत नाही. विभव जे सांगतो तेच सर्व फ्युगॅसिटी सांगते, परंतु हाताळण्यास सोप्या अंकांत.

बर्फाचेच उदाहरण घ्यावे. शून्य अंशावर बर्फ आणि पाणी दोहोंचाही बाष्पदाब पाऱ्याच्या ४.५८ मिलिमीटरांइतका असतो; निसटण्याची प्रवृत्ती समान, म्हणून ती एकत्र नांदतात. उणे दहा अंशांवर न गोठता राहिलेल्या पाण्याचा बाष्पदाब २.१५ मिलिमीटर, तर बर्फाचा १.९५ मिलिमीटर असतो. अर्थात तेथे पाण्याने बर्फ व्हावे हा निसर्गाचा कौल ठरलेला आहे. उंचावरील ढगांत अतिशीत जलबिंदू आणि हिमकण एकत्र असले म्हणजे बिंदूंचे पाणी उडून हिमकणांवर जमत जाते, आणि शीत प्रदेशांतील बराचसा पाऊस असाच घडतो, असे जे स्वीडनचे बेर्येरॉन यांनी प्रतिपादले त्याच्या मुळाशी हाच अल्पसा फरक आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात बारामतीच्या परिसरात विमानातून उष्ण ढगांवर मिठाची फवारणी करून पर्जन्यवृद्धीचे जे प्रयोग केले, त्यांतही पाण्याचा विभव उतरवणारे कण ढगाला पुरवावेत आणि मोठे थेंब बनण्यास चालना द्यावी, हाच विचार होता.

दाटलेल्या वायूंच्या बाबतीत फ्युगॅसिटी आणि दाब यांची फारकत किती होते, हे नायट्रोजनवरून दिसते. शून्य अंश सेल्सिअसला १०० वायुमंडलांच्या दाबाखाली नायट्रोजनची फ्युगॅसिटी ९७ वायुमंडले असते; म्हणजे रेणूंच्या परस्पर आकर्षणामुळे निसटण्याची प्रवृत्ती दाबावरून वाटते त्याहून किंचित मंद असते. परंतु दाब १००० वायुमंडलांवर नेला तर हीच फ्युगॅसिटी १८३९ वायुमंडलांवर जाते, कारण आता रेणू एकमेकांना इतके भिडलेले असतात की आकर्षणाची जागा अपसारणाने घेतलेली असते. दाबमापकावर हजाराचा आकडा दिसत असता वायूची खरी निकड जवळजवळ दुप्पट आहे, ही गोष्ट ज्यास ठाऊक नाही त्याने उच्च दाबाच्या कारखान्याचा हिशेब मांडू नये हे बरे.

आणि असा कारखाना विसाव्या शतकाने उभारला होताच. हवेतील नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनिया तयार करण्याची फ्रिट्स हाबर यांची पद्धत कार्ल बॉश यांनी १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे कारखान्याच्या प्रमाणावर आणली. हिच्यात कोणत्या दाबास आणि कोणत्या तापमानास किती अमोनिया मिळेल हे एका समतोल-स्थिरांकावरून काढावयाचे असते. वॉशिंग्टनच्या नायट्रोजन संशोधनशाळेत लार्सन आणि त्यांचे सहकारी डॉज यांनी घेतलेली जी मोजमापे १९२३ व १९२४ साली प्रसिद्ध झाली, त्यांत ४५० अंश सेल्सिअसला आंशिक दाबांवरून काढलेला हा स्थिरांक १० वायुमंडलांस ०.००६६, ३०० वायुमंडलांस ०.००८८, ६०० वायुमंडलांस ०.०१२९ आणि १००० वायुमंडलांस ०.०२३३ असा चढत गेला. स्थिरांक म्हणावयाचे आणि त्याने साडेतीन पटींनी वाढावयाचे, हा प्रकार शास्त्राच्या दप्तरात खपण्यासारखा नव्हता. दाबांच्या जागी फ्युगॅसिटी घालून तोच हिशेब पुन्हा केला असता ६०० वायुमंडलांपर्यंत तो ०.००६ ते ०.००६६ यांच्या दरम्यान राहिला. १००० वायुमंडलांवर मात्र तोही ढळला, कारण मिश्रणातील प्रत्येक वायूची फ्युगॅसिटी काढताना इतर वायूंचा तिच्यावर विशेष परिणाम होत नाही असे जे गृहीत धरले होते, ते इतक्या दाटीत टिकले नाही. नियमात दोष नव्हता, निसर्ग बदललेला नव्हता. आपण चुकीचे माप वापरत होतो एवढेच सिद्ध झाले. आज ट्रॉम्बे आणि अलिबागेजवळील थळ येथे अमोनिया तयार होऊन त्याचा युरिया शेतापर्यंत पोहोचतो, त्या कारखान्यांच्या रचनेमागेही फ्युगॅसिटीचे गणित आहे, हे खताचे पोते उचलणाऱ्यास माहीत नसले तरी त्याच्या पिकाशी त्याचा संबंध आहे.

द्रावणांच्या व्यवहारासाठी लुईस यांनी याच राशीला एक सुटसुटीत रूप दिले: एखाद्या पदार्थाची प्रस्तुत फ्युगॅसिटी आणि ठरवून घेतलेल्या प्रमाणित अवस्थेतील फ्युगॅसिटी यांचे गुणोत्तर, ज्यास क्रियाशीलता म्हणतात. पाण्याच्या बाबतीत शुद्ध पाण्याची क्रियाशीलता एक धरली, तर संपृक्त मिठाच्या द्रावणातील पाण्याची ०.७५ भरते. ऑस्ट्रेलियाच्या विल्यम स्कॉट यांनी १९५० नंतरच्या दशकात असे दाखवून दिले, की अन्नपदार्थावर सूक्ष्मजंतू वाढतील की नाही हे त्यातील पाण्याच्या टक्केवारीपेक्षा पाण्याच्या क्रियाशीलतेवरून अधिक खात्रीने सांगता येते. बहुतेक जिवाणूंना ०.९ च्या खाली वाढता येत नाही. विषबाधा करणारा स्टॅफिलोकॉकस ०.८६ पर्यंत तग धरतो. चिवटातली चिवट बुरशीही ०.६ च्या आसपास हात टेकते. कैरीच्या फोडींना मीठ लावून त्यांचे पाणी सुटू देण्याची जी रीत आपल्या आज्या-पणज्यांनी पाळली, तिचे बळ या आकड्यांत आहे: फोडीत पाणी भरपूर असते, परंतु जंतूच्या वाट्यास ते येत नाही. धान्याच्या कोठारातही हाच न्याय. गहू १३ ते १४ टक्के ओलाव्यापर्यंत सुरक्षित राहतो, तर शेंगदाण्यात ७ ते ८ टक्क्यांपलीकडे ओलावा गेला की बुरशीचे भय सुरू होते. दोन्हींची टक्केवारी निराळी असली तरी तेथील पाण्याची क्रियाशीलता जवळपास सारखीच, म्हणजे ०.७ च्या घरात असते. दाण्यात तेल अधिक आणि पाणी धरून ठेवणारे द्रव्य कमी, म्हणून थोडे पाणीही तेथे मोकळे फिरते. गव्हाचा ओलाव्याचा दंडक शेंगदाण्यास लावणाऱ्या व्यापाऱ्याचा माल बुरशीच्या स्वाधीन होतो, आणि त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन खाणाऱ्याच्या यकृताला बाधते.

शेतजमिनीची कथाही याहून वेगळी नाही. सांगली-कोल्हापूरकडील कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना माती ओली असता ऊस पिवळा पडून खुरटतो हे दृश्य परिचयाचे आहे. साचलेल्या पाण्याने मुळांना प्राणवायू मिळत नाही हे त्याचे एक कारण. परंतु दुसरे कारण असे, की क्षारांनी मातीतील पाण्याचा विभव इतका उतरवलेला असतो की मुळाच्या पेशीतील आणि मातीतील विभवांचे अंतर कमी होऊन पाणी आत येण्यास फारसा उतारच उरत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यास जलविभव म्हणतात तो पाण्याचा रासायनिक विभवच दाबाच्या एककात मांडलेला असतो. १९६० साली स्लेटर आणि टेलर यांनी ही परिभाषा सुचवली आणि माती, मूळ, खोड, पान व हवा यांना एकाच मापाने जोडणारी साखळी शास्त्राच्या हाती आली. सुमारे उणे १५ वायुमंडलांच्या खाली मातीचा जलविभव गेला की बहुतेक पिके कायमची कोमेजतात. खाडीतली खारफुटी सुमारे २५ वायुमंडले तर्षण दाबाच्या समुद्राच्या पाण्यात उभी राहते, कारण तिने आपल्या पानांतील विभव त्याहूनही खाली ठेवलेला असतो. क्षारपड जमिनीस आणखी पाणी देणे हा उपाय नव्हे. निचरा करून क्षार बाहेर काढणे आणि पाण्याचा विभव पुन्हा वर आणणे हाच उपाय आहे.

फ्युगॅसिटीचा सर्वांत अलीकडचा आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग मात्र लुईस यांच्या स्वप्नातही नसेल. टोरांटो विद्यापीठाचे डोनाल्ड मॅकाय यांनी १९७९ साली असे सुचवले, की डीडीटी किंवा पीसीबी यांसारखी विषारी द्रव्ये हवा, पाणी, माती, गाळ आणि प्राण्यांचे देह यांत कशी वाटली जातात हे शोधावयाचे असेल, तर प्रत्येक ठिकाणचे प्रमाण निरनिराळ्या एककांत मोजत बसण्याऐवजी सर्वत्र फ्युगॅसिटी हे एकच माप लावावे. डीडीटी मेदासारख्या द्रव्यात पाण्याच्या दहा लाख पटींहून अधिक सामावते. त्यामुळे तलावातल्या माशाच्या मेदात पाण्याच्या तुलनेने लक्षावधी पट डीडीटी आढळले तरी निसर्गाच्या दृष्टीने तेथे कदाचित समतोलच असतो, दोन्हीकडील फ्युगॅसिटी सारखीच असते. पाण्याचा नमुना तपासून ते जवळपास निर्मळ आहे असा दाखला देणारा अधिकारी प्रामाणिक असूनही चुकू शकतो, तो या कारणाने. पुढे तो मासा दुसऱ्या प्राण्याने खाल्ला की आतड्यात अन्नाचा मेद पचतो. विष धरून ठेवणारे द्रव्य नाहीसे होते पण विष उरते, त्याची फ्युगॅसिटी चढते आणि ते खाणाऱ्याच्या देहात लोटले जाते. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर हे घडते. उष्ण प्रदेशांत उडालेली ही द्रव्ये शीत प्रदेशांत उतरून स्थिरावतात, कारण थंडीत त्यांची निसटण्याची प्रवृत्ती मंदावते; आणि म्हणूनच जेथे पीसीबीचा एकही कारखाना कधी उभा राहिला नाही त्या आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट मातांच्या दुधात ते आढळले. या वर्गातील घातक द्रव्यांवर निर्बंध घालणारा स्टॉकहोम करार २००१ साली झाला आणि २००४ पासून अमलात आला.

गिब्ज यांच्या प्रबंधापासून त्या करारापर्यंतचा हा सव्वाशे वर्षांचा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट मनावर ठसते. एखादा पदार्थ किती आहे हे मोजण्याची सवय मानवजातीला फार जुनी आहे. आपले कायदे, आपले दंडक, आपले बाजार आणि आपले पाणीवाटप त्याच सवयीवर उभे आहेत, आणि ती सवय टाकून चालणार नाही, कारण ताळेबंद प्रमाणांनीच जुळतो. परंतु पुढे काय होणार हे प्रमाण सांगत नाही. ते सांगण्यास त्या पदार्थाचा तेथे असलेला कल कळावा लागतो, आणि तो कल जागेजागी, सोबतीसोबतीने, तापमानातापमानाने बदलतो. यासाठी माझे निकराचे म्हणणे असे आहे, की रासायनिक विभव आणि फ्युगॅसिटी या संकल्पना पदवीवर्गाच्या शेवटच्या सत्रात, केवळ समीकरणांच्या रूपाने, थोड्या विद्यार्थ्यांपुरत्या राखून ठेवू नयेत. शाळेत तापमान शिकवतो त्याच्याच पाठोपाठ, मीठ, लोणचे, शेंगदाणा आणि क्षारपड शेत यांच्या आधारे, त्या मराठीतून प्रत्येक मुलास शिकवता येतील. जो शेतकरी मातीतील ओलावा आणि जलविभव दोन्ही विचारील, जो व्यापारी ओलाव्याच्या टक्केवारीबरोबर क्रियाशीलतेचा आकडा मागेल, आणि जी नगरपालिका पाण्याच्या नमुन्याबरोबर त्या पाण्यातल्या माशाचाही नमुना तपासावयास लावील, त्यांचे निर्णय आजच्यापेक्षा अधिक शहाणपणाचे ठरतील. आणि दीडशे वर्षांपूर्वी एका बिनपगारी प्राध्यापकाने जे सत्य सिद्ध करून ठेवले, त्याचा लाभ ज्यांना खरोखर त्याची गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचेल.